अण्णांच्या सहीतली दोन टिंबं

गिरणीचा भोंगा बंद पडला तरी अण्णा त्याच वेळेला उठत. नांदेडला आमची खोली गिरणीपासून हाकेच्या अंतरावर होती आणि माझं सगळं लहानपण त्या भोंग्यावर चाललेलं. पहिल्या भोंग्याला माय चूल पेटवी, दुसऱ्याला अण्णा डबा उचलत, तिसऱ्याला मी मिलिंदला, माझ्या धाकट्या भावाला, ओढून उठवून बसवी. मग एका सकाळी फाटकावर कागद चिकटवलेला दिसला आणि भोंगा वाजलाच नाही. कापूस नाही, वीज नाही, काय काय कारणं सांगितली ती आता आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की त्या दिवसापासून पहाटे आमच्या खोलीत गुरुद्वाऱ्याकडचं कीर्तन ऐकू यायला लागलं. ते आधीही होत असणारच. भोंग्याच्या आणि कापड विणायच्या साच्यांच्या आवाजाखाली आम्हाला ते कधी ऐकू आलं नव्हतं. अण्णा उठून आंघोळ करत, केसांना पाणी लावून भांग पाडत आणि उंबऱ्यावर बसून राहत. एकवीस वर्षं साचे चालवलेला माणूस. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तुटलेला धागा ओढून घ्यायचा एक लहानसा लोखंडी आकडा असे, तो ते दोन बोटांत फिरवत बसत. तो खिशातून काढून ठेवावा असं मायला वाटे, पण तसं म्हणायची तिची छाती झाली नाही.

त्याच सुमारास लातूर जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबादेतून निघाला, आता तिथं हापिसं निघणार, जागा निघणार, असं जो तो सांगत होता. मी मॅट्रिक झालेले, अठरावं सरलेलं. अण्णांचं मूळ गाव त्या नव्या जिल्ह्यात पडलं होतं. ठरलं ते असं, की माय आणि मिलिंदनं हदगावला मामाकडे जायचं आणि अण्णांनी मला घेऊन गावी जायचं, माझं नाव नोकरीसाठी नोंदवायचं, काही हाताला लागलं की दोघांना बोलवून घ्यायचं. हे ठरताना मला कुणी विचारलं नाही. बस स्टँडवर मायनं माझ्या हातात येसराच्या पिठाची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, अण्णांना जेवताना बोलतं ठेव. एवढं एकच काम तिनं मला सांगितलं आणि तेवढंच मला जमलं नाही.

गाव म्हणजे चुलत्याचं बंद पडलेलं दीड खोलीचं घर. चुलता पुण्याकडे बांधकामावर गेलेला, परत यायचं नाव नव्हतं. आमच्या बौद्धवाड्यातली अर्धी घरं अशीच कुलपात होती. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. विहिरी कोरड्या, एका हापशाला तेवढं पाणी. दिवसभर त्या हापशाचा करकर आवाज येई, आणि तो थांबला की समजायचं, पाणी खाली गेलं, आता तासाभरानं. मी सकाळी हुलग्याचं माडगं करी, संध्याकाळी भाकरी आणि येसराचं पातळ कालवण. अण्णा ताटावर बसत, भाकरी कुस्करत, जेवत आणि हात धुवून उठत. मी मायच्या सांगण्याप्रमाणे काही ना काही विषय काढी. ते हं म्हणत. गावातल्या मुली माझ्या वयाच्या होत्या, पण एकतर लग्न होऊन गेलेल्या, नाहीतर माझ्या शहरी बोलण्याला हसणाऱ्या. आठवडेच्या आठवडे असे गेले की दिवसभरात मी दहा वाक्यंसुद्धा बोलले नसेन. मायला पत्र लिहायला घेई, तर लिहिण्यासारखं काही घडलेलंच नसे. मग हापशाला आज किती वेळ पाणी आलं ते लिही.

लातूरला नाव नोंदवायला आम्ही दोघं गेलो. रांग रस्त्यापर्यंत आलेली. अण्णा रांगेजवळ थांबले नाहीत. समोरच्या लिंबाखाली जाऊन पाठ करून बसले, आपला काही संबंध नाही असे. रांगेत माझ्या पुढची बाई मागच्या बाईला सांगत होती की सरकार आता बेकारांना भत्ता देतं. घरबसल्या. अर्ज मात्र करावा लागतो. मी ते ऐकलं आणि कार्ड घेऊन बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जमलंही होतं. नोकरी गेली ती अण्णांची, म्हणजे भत्ता अण्णांना. भत्ता चालू झाला की मायला पत्र. माय आणि मिलिंद आले की घर.

हापिसाच्या भिंतीला लागून रहीमचाचा बसत. अर्जनवीस. घडीचं टेबल, त्यावर कागद उडू नये म्हणून ठेवलेला गुळगुळीत दगड, नाकावर चष्मा. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले आणि नंतर मराठीत अर्ज लिहून केस पांढरे केलेले. मी त्यांना भत्त्याचं विचारलं. त्यांनी आधी मला खाली बसवलं, कुठली, कुणाची, बाप काय करतो ते विचारलं, मग चष्मा काढला.

"बेटी, नोकरी गेल्याचा भत्ता न्हाई हा. काम मागितलं आन सरकारनं पंधरा दिवसांत दिलं न्हाई, त्याचा हाय. आदी मागावं लागतं. तोंडी न्हाई, कागदावर. आन पोच घेतल्याबिगर उठायचं न्हाई. पोच न्हाई तर मागितलंच न्हाई."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. हा रोजगार हमीचा कायदा आहे. काम म्हणजे खडी फोडणं, माती टाकणं. काम निघालं तर जावं लागतं, नाही गेलं तर भत्ताही नाही. मी विचारलं, काम निघेल का. ते म्हणाले की एकट्यादुकट्यासाठी नवीन काम काढत नाहीत, पन्नासेक माणसांनी मागितलं तर काढावं लागतं. आमच्या भागातलं तलावाचं काम उन्हाळ्यातच थांबलेलं मला ठाऊक होतं. लोक मुकादमाला रस्त्यात गाठून तोंडी विचारत, तो बघू म्हणे, आणि लोक त्याला मागणं समजत. म्हणजे कागदावर मागणारे आम्ही एकटेच असणार, काम निघणार नाही, पंधरा दिवस सरतील आणि भत्ता चालू होईल, असा माझा हिशोब. माझ्या नावानंही मागता येईल हे डोक्यात आलंच नाही; भत्ता अण्णांचा, हे रांगेतच ठरून गेलं होतं. रहीमचाचांनी छापील अर्ज दिला. माझं अक्षर पाहून म्हणाले, तुला माझी गरज न्हाई, आणि पैसे घेतले नाहीत.

अर्ज मी त्याच संध्याकाळी चिमणीच्या उजेडात अण्णांपुढे ठेवला. ते रात्रशाळेत वाचायला शिकलेले. गिरणीच्या चाळीतल्या एका मास्तरांनी पाळी सुटल्यावर वीसपंचवीस कामगारांना शिकवलं होतं. आजोबांनी जन्मभर कागदावर अंगठा उठवला, अण्णांनी मात्र रात्रशाळेत गेल्यापासून एकदाही नाही. त्यांची सही बघण्यासारखी होती. किसन मारुती एका दमात, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून खाली लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. टिंबं दिली की सही पक्की झाली, मग त्यात कुणाला काही जोडता येत नाही, असं मास्तरांनी सांगितलेलं. मी लहान असताना ती टिंबं पडेपर्यंत श्वास धरून बघत असे.

अण्णांनी अर्ज बोट ठेवून वाचला. एका ओळीवर बोट थांबलं. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार आहे, अशी ती ओळ होती. त्यांनी ती दोनदा वाचली असावी.

"मी अकुशल न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणाले की सगळ्यांच्याच अर्जात ते छापलेलं असतं. नुसतं म्हणायचं असतं, काम काही निघणार नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "जे म्हणायचंच न्हाई, त्याच्याखाली सही कशाला." मग उठून बाजेवर गेले. बाजेची दोरी एका जागी तुटली होती. अंधारात ती एका हाताच्या बोटांनी गाठ मारून जोडत असल्याचं मला दिसत होतं. गिरणीत तुटलेला धागा ते तसाच न बघता जोडत. मला त्यांचा फार राग आला. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दीडपट आहे आणि आता मला ती ओळ त्यांच्याइतकीच टोचते, पण तेव्हा मला फक्त माय हवी होती.

माझ्या पेटीत शाळेची प्रगतिपुस्तकं होती. दर चाचणीला पालकाची सही. दुसऱ्या दिवशी अण्णा हापशावर गेले तशी मी ती सगळी उघडून बसले. पहिलीपासूनच्या त्या सह्या बघताना ते माझ्या शेजारी बसलेत असं वाटत होतं. जुन्या वहीच्या पानावर आठदहा वेळा गिरवली आणि मग अर्जावर केली. रेघ ओढली, तेवढ्यात बाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. मी अर्ज ओच्यात लपवला आणि तलाठ्याकडे गेले. तलाठी पोच द्यायला कुरकुरला. अर्ज ठिवून जा, म्हणाला. मी उठले नाही. शेवटी त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर तारीख आणि शिक्का मारून दिला. तो चिटोरा मी पोलक्यात ठेवला. आजही मी कुठल्याच खिडकीवर पोच घेतल्याशिवाय कागद देत नाही. माझी लेक हसते, आई, आता सगळं मोबाईलवर येतं, म्हणते. येऊ दे.

पोच घेऊन येताना हापशावरच्या बायांनी विचारलं, काय गं, कशाचा कागद. मी सांगून टाकलं. आता वाटतं, नसतं सांगितलं तर. पण कितीतरी दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. संध्याकाळी शेजारची कलावतीबाई दारात आली, माझाबी लिहून दे म्हणाली. मग तिची जाऊ, मग तिची नणंद. मग वेशीपलीकडच्या गल्लीतले लोक, मुसलमानांच्या दोन घरातली माणसं, मराठ्यांच्याही बाया आल्या, ज्यांच्या ओसरीवर आम्हाला अजून कुणी बस म्हणालं नव्हतं. छापील अर्ज नव्हते, म्हणून मी कोऱ्या कागदावर आखून लिहू लागले. कुणी शेंगदाणे आणून देई, कुणी अंबाडीची भाजी. माझ्याभोवती माणसं बसत, बोलत, माझ्या अक्षराचं कौतुक करत. पोच घ्या, सोडू नका, असं मी रहीमचाचांच्या थाटात सांगे. रहीमचाचांनी सांगितलेला पन्नासाचा आकडा मला त्या दिवसांत एकदाही आठवला नाही. आठवला असता तरी मी लिहायचं थांबले नसते, इतकी मी माणसांना भुकेले होते. अण्णा आतल्या खोलीत बसून हे ऐकत.

एकीकडे मी भिंतीवर कोळशानं दिवसांच्या रेघा ओढत होते. दहा झाल्या, बारा झाल्या. काम निघालं नाही की मला बरं वाटे. अख्खी वस्ती काम निघायची वाट बघत होती आणि मी एकटी ते निघू नये म्हणून. तेराव्या दिवशी मायला पत्र टाकलं, की भत्ता चालू होतोय, मिलिंदचं दप्तर बांधून ठेव.

चौदाव्या दिवशी सकाळी कोतवाल आला. वाड्याच्या तोंडाशी उभा राहून तो मोठ्यानं नावं वाचायला लागला. पाझर तलावाचं नवं काम मंजूर, उद्यापासून हजर व्हायचं. बाया पदर सावरत धावल्या. सुजीनं काम आणलं, सुजीनं आणलं, असं माझं नाव घेऊन कलावतीबाई सगळ्यांना सांगत होती. मी चुलीपुढे होते. यादीत पहिलंच नाव होतं, कारण पहिला अर्ज आमचा. अण्णा भांग पाडून उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी स्वतःचं नाव ऐकलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तव्यावरची भाकरी उलटायला वळले.

कोतवाल दारात आला. हुकूम मिळाल्याची सही घ्यायची होती. त्याच्या हातात अर्जांचा गठ्ठा होता आणि सगळ्यात वर मी केलेली ती सही. अण्णांनी गठ्ठा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मीही तेव्हाच नीट बघितली. बादलीच्या आवाजाला मी दचकले होते, आणि रेघेखालची दोन्ही टिंबं द्यायची राहून गेली होती. कोतवाल बिचारा चांगला माणूस. अण्णांचा चेहरा बघून त्यालाच काही शंका आली.

"किसनआप्पा, सही तुमचीच हाय ना? न्हाईतर आताच सांगा, पुन्हा लफडं नगं."

अण्णांनी त्यानं पुढे केलेली पेन्सिल बाजूला सारली, त्याच्या खिशातलं पेन मागितलं.

"हाव," ते म्हणाले. "माझीच हाय."

आणि त्यांनी सही केली. किसन मारुती, शेपटी, खाली रेघ. पेन टिंबांच्या जागेवर गेलं, कागदाला टेकणार तेवढ्यात थांबलं, वर अर्जाकडे एकदा नजर गेली आणि त्यांनी पेन परत देऊन टाकलं.

मी म्हणाले, त्यांच्याऐवजी मी जाते. ते म्हणाले, यादीत तुझं नाव नाही. रागानं नाही, नेहमीच्याच आवाजात. दुसऱ्या दिवशी मी झोपले असतानाच ते आंघोळ करून, भांग पाडून निघाले. निघाले ती वेळ भोंग्याची होती. खिशातला आकडा त्यांनी देवळीत काढून ठेवला होता. मी दुपारी भाकरी घेऊन कामावर गेले. उन्हात माणसांची रांग, हातोड्यांचे आवाज, पांढरी धूळ. अण्णा एका दगडावर बसून खडी फोडत होते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. शेजारचा म्हातारा त्यांना दगड कसा आडवा धरायचा ते शिकवत होता आणि ते मान हलवून ऐकत होते, गिरणीत नव्या पोरानं मुकादमाचं, जॉबरचं, ऐकावं तसं. भाकरीचं फडकं सोडून मी उभी राहिले. मला माफी मागायची होती. ते म्हणाले, "ऊन लई हाय. घरी जा."

पगाराच्या दिवशी मी मुद्दाम गेले. हजेरी घेणारा पोरगा सगळ्यांपुढे शाईची गादी सरकवत होता, अण्णांपुढेही सरकवली. त्यांनी ती एका बोटानं परत केली आणि पेन मागितलं. पोरगा चपापला. अण्णांनी हजेरीपटावर सही केली, आणि मी लांबूनच बघितलं, खाली टिंबं नव्हती.

भत्त्याचा एक पैसाही आमच्या घरात कधी आला नाही. माय आणि मिलिंद मात्र आले, काम निघाल्यावर महिन्याभरानं. माझ्या त्या पत्रातलं सगळं खोटं निघालं होतं, तरी माय आली. घर भरलं, बोलणं सुरू झालं, माय हापशावर भांडून नंबर लावू लागली. पण माझं आणि अण्णांचं जे राहिलं ते राहिलंच. त्यांनी मला एकदा दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. मी वर्षभर त्याची वाट बघितली. ते मला रागावले नाहीत, मायलाही काही सांगितलं नाही, आणि घरात चार माणसं असून मी त्यांच्यासमोर एकटी पडले. गिरणी पुन्हा उघडली नाही. अण्णांनी पुढची कितीतरी वर्षं माती आणि दगडाचंच काम केलं.

त्या नोंदणीच्या कार्डावर मला पुढे बोलावणं आलं, नव्या जिल्ह्याच्या एका हापिसात कारकुनाची जागा. मुलीच्या बापानं एका कागदावर हमी म्हणून सही करायची होती. निघायच्या सकाळी मी तो कागद अण्णांपुढे ठेवला. त्यांनी नेहमीप्रमाणे बोट ठेवून सगळा वाचला. माझ्या पदाच्या नावावर बोट जरा थांबलं. मग त्यांनी सावकाश, जीव लावून सही केली. किसन मारुती, शेपटी, लांब रेघ. आणि पेनाला टोपण लावलं.

हापिसातला माझा पहिला कागद, त्यावरची सही तरी मला खरी हवी होती. कितीतरी दिवसांचं धाडस गोळा करून मी म्हणाले, "अण्णा, टिंबं राहिली."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाई राहिली," ते म्हणाले. "तू केलीस तवापासून माझी सही अशीच हाय."